टोकं ठेचली का?

त्याला सगळे केसभर म्हणत. डोक्यावर एक केस उरला नव्हता, तरी नाव तेच. धातू कातायच्या लेथवर उभा राहिला की 'अजून केसभर', 'हं, केसभर जास्त झालं' याखेरीज त्याच्या तोंडून दुसरं काही निघत नसे आणि केसभर चुकलेला तुकडा तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत भंगारात भिरकावून देई. असं एकतीस वर्षं चाललं. तोंडाचा फटकळ, पण हाताला यश भारी. माणसं त्याची बोलणी खात आणि पुन्हा त्याच्याच दारात गाडी उभी करीत.

गेल्या वर्षापासून मात्र डोकं दगा देऊ लागलं होतं. काम संपवून तो हात धुवायला जाई आणि परत येईपर्यंत ते झालं की राहिलं, हेच आठवत नसे. हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही. बायकोला नाही, मुलीला तर नाहीच. ज्याची सगळी पत अचूकपणावर उभी, त्यानं 'मी विसरतो' हे कोणत्या तोंडानं सांगायचं? तो गुपचूप चिठ्ठ्या लिहू लागला. कामाची एकेक पायरी एकेका ओळीत आणि ती झाली की पुढे पेन्सिलीची खूण. कुणी विचारलं तर म्हणे, मापं आहेत.

त्या रविवारी सकाळी बायकोनं धुवायच्या सदऱ्याचा खिसा चाचपला आणि एक चिठ्ठी त्याच्यापुढे धरली.

"अहो, ही ठेवू की टाकू? खिशात नुसतं कागदांचं दुकान मांडलंय तुम्ही."

चिठ्ठी मुलीच्या गाडीच्या कामाची होती. सात ओळी. सहा ओळींपुढे खुणा होत्या. सातवी ओळ होती 'टोकं ठेचणे' आणि तिच्यापुढे काहीच नव्हतं.

त्यानं चिठ्ठी उलटून पाहिली, मागची बाजू कोरीच.

मुलगी डोंगरचढणीच्या शर्यतीत गाडी चालवायची. नऊ किलोमीटरचा वळणांचा रस्ता, एका वेळी एकच गाडी सोडायची, ज्याला सगळ्यांत कमी वेळ लागेल तो जिंकला. तिच्या गाडीच्या इंजिनावर सुपरचार्जर होता, म्हणजे इंजिनात हवा दाबून कोंबणारा पंप. पण हवा आत यायची वाटच अरुंद. "बाबा, एवढा पहिलवान आणून बसवलाय आणि तो बिचारा एका नाकपुडीनं श्वास घेतोय," असं म्हणत ती महिनाभर त्याच्या मागे लागली होती. ही वाट म्हणजे थ्रॉटल बॉडी. धातूचं एक नळकांडं, त्यात एक गोल चकती. पाय दाबला की चकती उघडते, पाय उचलला की मिटते. त्यानं ते नळकांडं साठावरून सहासष्ट मिलिमीटर केलं, नवी चकती कातली आणि ती दोन बारक्या स्क्रूंनी तिला फिरवणाऱ्या दांड्यावर बसवली.

त्या दोन स्क्रूंची पलीकडे निघालेली टोकं ठेचावी लागतात, म्हणजे इंजिनाच्या थरथरीनं ते उलटे फिरून निघत नाहीत. निघाले तर सरळ पंपाच्या पोटात. आणि सुटलेली चकती नळकांड्यात तिरकी अडकली तर पाय उचलूनही इंजिन थांबत नाही. वळण समोर आणि वळणापलीकडे दरी. इतर मेकॅनिकांना त्यानं हे शिव्या घालून घालून शिकवलं होतं. 'टोकं ठेचली का रे, की जीव घ्यायचाय कुणाचा?' हे त्याचंच वाक्य.

त्यानं डोळे मिटले, कपाळावर मूठ आपटली. चकती बसवल्याचं आठवत होतं. स्क्रू पिळल्याचं आठवत होतं. पुढे काहीच नाही.

त्यानं मुलीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. शर्यतीच्या दिवशी ती फोन बंदच ठेवत असे.

"काय झालं? चेहरा बघा कसा झालाय," बायको म्हणाली.

"काही नाही," तो म्हणाला आणि व्हॅनची किल्ली घेऊन धावला. अजूनही त्याला खरं सांगवलं नाही, याची त्याला वाटेत इतकी लाज वाटली की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

रस्ता अर्ध्या तासाचा. दोन फाटे फुटतात तिथे आला आणि कुठे वळायचं तेच कळेना. या रस्त्यानं तो शेकडो वेळा गेला होता. डावीकडे की उजवीकडे? मागून गाड्या भोंगे वाजवत होत्या. घाम डोळ्यांत उतरला. "अरे, आठव ना रे, मेल्या!" तो स्वतःवरच ओरडला. शेवटी डोंगर दिसत होता त्या बाजूला त्यानं व्हॅन वळवली आणि ते बरोबर निघालं.

पोचला तेव्हा मुलीची गाडी आरंभरेषेवरच उभी होती. इंजिन चालू, शेजारी निशाणवाला. केसभर दोरीखालून वाकून घुसला आणि दोन्ही हात पसरून गाडीसमोर उभा राहिला.

"अहो आजोबा, वेड लागलंय का? बाजूला व्हा!" निशाणवाला धावला.

"तिला सोडू नका! इंजिन बंद करा!"

मुलीनं इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं. "बाबा? आईला काही झालं का?"

"टोकं..." त्याला धाप लागली होती. "टोकं ठेचली की नाही, मला आठवत नाही."

निशाणवाला म्हणाला, "रेषेवरून गाडी मागे घेतली तर आजची फेरी गेली. सांगून ठेवतो."

तिनं पट्टा सोडला. मग म्हणाली, "घ्या मागे."

दुरुस्तीच्या तंबूत त्यानं स्वतः नळी काढली, चार बोल्ट सोडवले, थ्रॉटल बॉडी उजेडात धरली. दोन्ही स्क्रूंची टोकं ठेचलेली होती. नीट, चपटी, त्याच्याच हातची. दुसरा कुणी असं ठेचत नाही.

"हे कधी केलं मी?" त्यानं विचारलं.

"अहो बाबा, बुधवारी. बॅटरीचा उजेड धरून मी शेजारी उभी होते. आपण बोलत होतो की."

त्यानं डोक्याला खूप ताण दिला. बुधवार नव्हताच. ती नव्हती, बॅटरी नव्हती, बोलणं नव्हतं.

"तुझी फेरी घालवली मी," तो म्हणाला आणि एकतीस वर्षांत कुणी पाहिला नव्हता तसा रडला.

मुलीनं फेरीचं नावही काढलं नाही. "कधीपासून होतंय?" एवढंच तिनं विचारलं. त्यानं सगळं सांगितलं, चिठ्ठ्यांसकट. तिनं ऐकून घेतलं आणि पाना त्याच्या हातात दिला.

"बसवा."

त्यानं बॉडी जागेवर ठेवली. हात कुठेच अडखळले नाहीत. ती शेजारी उभी राहून मोठ्यानं मोजत होती. एक झाला. दोन झाले. तीन झाले. चार.

त्यानं पाना खाली ठेवला, हात पुसले.

"चारही आवळले ना गं मी?"

"आवळले, बाबा."

त्यानं मान डोलावली, फडकं घडी करून ठेवलं आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

"चारही?"

"चारही," ती म्हणाली.