ओटी घेतली, तक्रार ठेवली

पोस्टात बाई असली तरी आमच्याकडे तिला पोस्टमनच म्हणतात. कुणी फारच शिकलेला असला तर 'पोस्टमन मॅडम'. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. खाकी ड्रेस, खांद्याला पिशवी आणि खाली स्कूटी, एवढं असलं की सोलापूरच्या उन्हात बाई काय नि पुरुष काय, सगळे सारखेच करपतात.

माझं बीट, म्हणजे टपाल वाटायचा भाग, कुंभारीच्या अंगाला, कामगारांच्या घरांचा. गल्लीत शिरलं की दारादारांत बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असतात. हात चालू, तोंडही चालू. कुणी मराठीत हाक मारते, कुणी तेलुगूत. एखादी पाण्याचा तांब्या पुढं करते. माझं तोंड मुळात तिखट, पण त्या गल्ल्यांमध्ये ते खपून जायचं, कारण तिथं सगळ्यांचीच तोंडं तशी.

या बायकांची मजुरी खात्यावर जमा व्हायला लागली तेव्हापासून एटीएमची कार्डं पोस्टानं यायला लागली. एरवी गल्लीचा शिरस्ता असा की पत्र कुणाचंही असो, घरात जो असेल त्याच्या हातात द्यायचं. सासऱ्याचं सुनेकडे, सुनेचं दिराकडे. कार्डाचं मात्र तसं करता येत नाही. ज्याचं नाव, त्याचाच हात. आणि पाकीट नुसतं चाचपलं तरी आत कार्ड आहे हे लहान पोराला कळतं, मग घरातले तर टपूनच असतात.

तिथल्या एका सुनेनं मला आधीच नळावर गाठून सांगितलं होतं, "मॅडम, माझं कार्ड आलं तर माझ्याच हातात द्या बरं का. घरात कुनाला नगं." का, हे मी विचारलं नाही. तिच्या कोपरावरचं काळंनिळं मला दिसत होतं.

कार्ड आलं त्या दिवशी ती वळलेल्या विड्या द्यायला गेली होती. दारात नवरा उभा.

"आना हिकडं," तो म्हणाला.

"तिचं आहे. तिला उद्या देते."

"मी नवरा हाय की तिचा!"

"मग तुझ्या नावाचं आलं की तुला देईन. अगदी हळदीकुंकू लावून."

आमचे हे म्हणतात की माझी जीभ माझ्यापुढे चार पावलं चालते. त्या दिवशी ती चालली खरी. पण जीभ चालली म्हणून कुणी हात चालवावा? त्यानं पिशवीला हात घातला. मी सोडली नाही. ओढाओढीत स्कूटी कलंडली, मी तिच्याखाली, आणि मनगटातून कडकन आवाज आला. त्यानं पिशवी उपसून पाहिली, हवं ते पाकीट सापडेना, म्हणून सगळं टपाल गटारात उलटं केलं. पाकीट माझ्या ड्रेसच्या आतल्या खिशात होतं. त्यानं माझ्या पोटात एक लाथ घातली आणि निघून गेला.

बायका सुपं टाकून धावल्या. दोघींनी मला उठवून ओट्यावर बसवलं. बाकीच्यांनी गटारातून एकेक पत्र काढलं, पदरानं पुसलं आणि ओट्यावर उन्हात मांडलं, उडू नये म्हणून प्रत्येकावर एक खडा. विजेची बिलं, विम्याच्या नोटिसा, एक लग्नपत्रिका. मला हाताच्या दुखण्यापेक्षा ती मांडलेली पत्रं बघून रडू आलं. ते कार्ड दुसऱ्या दिवशी सुनेनं पोस्टात येऊन स्वतः नेलं.

आमचे पोस्टमास्तर भला माणूस. पोलीस ठाण्यात माझ्याबरोबर बसून राहिले. सरकारी कामात अडथळा आणि मारहाण, अशी तक्रार झाली. त्याला धरलं, काही दिवसांनी जामिनावर सोडलं. नंतर पोस्टमास्तर म्हणाले, "हात बरा झाला की तुम्हाला काउंटरला घेतो. परत त्या गल्लीत कशाला?" काळजीनंच म्हणाले. पण मी भडकले. मार मी खायचा आणि बीटही मीच सोडायचं? उद्या दुसऱ्या कुणाला तिथं पाठवणार, त्याची हाडं काय लोखंडाची आहेत? घरी आमच्या ह्यांचं दुसरंच चाललं होतं. मिटवून टाक, रोजचा रस्ता आहे, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला. मी वरवर भांडत होते, पण खरं सांगायचं तर आतून पार भिले होते. झोपेत स्कूटी पडल्याचा आवाज यायचा. तक्रार मागं घ्यावी असं मलाही वाटायला लागलं होतं.

अशातच एका रविवारी गल्लीतली दोन वडीलधारी माणसं दारात आली, आणि त्यांच्यामागं डोईवरचा पदर सावरत त्या मारणाऱ्याची आई. तिच्या हातात पिशवी. पिशवीतून नारळाची शेंडी दिसली आणि मी मनात म्हटलं, आली पंचाईत.

आमच्याकडे भांडण मिटवायचं तर पुरुषांत चहा होतो. बाईला लागलं असेल तर तिची ओटी भरतात. ओटी भरली की ती घरची लेक झाली, मारणारा भाऊ झाला, आणि बहीण कधी भावावर केस ठेवते का? बरं, दारात आलेली ओटी कुठली सवाष्ण परत पाठवते? आपल्याच कपाळाला धोंडा मारून घेतल्यासारखं ते. मी नाही म्हणू शकत नव्हते, आणि हे त्या दोघांना पक्कं ठाऊक होतं.

पुरुष पुढच्या खोलीत चहाला बसले. मी गाऊनवर ओढणी घेतली आणि म्हातारीला देवापुढं, स्वयंपाकघरात नेलं. तिनं मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं. हात प्लास्टरमध्ये, त्यामुळं मला ओटी धरता येईना. मग एका हातानं तिनंच माझ्या ओढणीचं टोक धरलं आणि दुसऱ्यानं खण, नारळ आणि ओंजळीनं गहू घालायला लागली. तिचा चेहरा माझ्या अगदी जवळ आला होता.

"बाई," ती पुटपुटली, "केस मागं घिऊ नका."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"त्यो सुनंला मारायचा. मदी पडलं तर मला बी. केस लागल्यापास्नं हात उचलला न्हाय त्यानं. परत काय केलं तर जामीन जाईल, म्हनून भितोय." तिनं आणखी गहू घातले. "जेल होऊ नये वाटतंय, आई हाय मी. पन सुटू बी नये. टांगतं ऱ्हाऊ द्या. तवर आमा दोघींच्या जिवाला थंडावा हाय."

"आणि मग ही ओटी?"

"ती लेक म्हनून भरली. तुमी माझ्या सुनंचं कार्ड दिलं न्हाय त्याला."

मी तिच्या पाया पडले. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

बाहेर आले तर दोघं कप खाली ठेवून उभे राहिले. "मिटलं म्हनायचं की मग!"

"ओटी माझी होती, ती मी घेतली," मी म्हणाले. "तक्रार सरकारी आहे, ती राहील."

खोलीत एकदम गलका झाला. ओटीचा असा अपमान त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. आमचे हे खाली मान घालून बसले. आणि म्हातारी? ती उंबऱ्याबाहेर गेली, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं मला शिव्या घालायला सुरुवात केली. माझं वाटोळं होईल, माझ्या हाताला कीड लागेल, माझ्या लेकरांना असाच भोग येईल. लेकाच्या कानावर जायला हवं होतं ना, की आईनं जिवाचं रान केलं. मला सगळं कळत होतं, तरी लेकरांचं नाव आलं तेव्हा मी दार लावून घेतलं.

हे मी कुणाला सांगितलं नाही, ह्यांनासुद्धा नाही. एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी गेलं असतं, तर मार तिला पडला असता. इथंही नाव, गल्ली, घर लिहीत नाही ते त्यामुळंच. ओटी खाऊन उलटलेली बाई, अशीच माझी ख्याती झाली. बीट मी सोडलं नाही. पहिले काही दिवस गल्लीच्या तोंडाशी स्कूटी थांबायची, मग बायका दारातून हाका मारायला लागल्या आणि सवय झाली. सून आता कोपर झाकत नाही. तिचा नवरा मी दिसले की आत जातो.

खटला अजून चालू आहे. साक्षीला मला बोलावतात. कधी वकील नसतात, कधी जजसाहेब रजेवर असतात, पुन्हा पुढची तारीख पडते. सगळे वैतागतात. मीही वैतागते, आख्खा दिवस जातो. मागच्या खेपेला कोर्टाच्या व्हरांड्यात पाणी प्यायला गेले तर म्हातारी नळाशी होती. लेक लांब वकिलाशी बोलत उभा होता. माझ्याकडं पाठ करून, पदरानं तोंड पुसता पुसता ती हळूच म्हणाली,

"लांबची घ्या की बाई, तारीख. लई लांबची."