वालीसमोर मी घेतलेलं नाव

"चष्मा काढ."

वाली म्हणजे आमच्या बंदरावरचा सुलतानाचा अधिकारी. तो गादीवर. मी नऊ वर्षांची, उभी. शेजारी बाबा, दवाखान्यातले कंपाउंडर. मी चष्मा काढून दिला. त्याने तो दगडी पायरीवर आपटला.

"परवानगी कुणाची घेतलीस?" त्याने बाबांना विचारलं.

बाबा वाकले. "चूक झाली, हुजूर."

गावकुसाबाहेरच्या वस्तीतून उठून समुद्र ओलांडून आलेला माझा बाप. इथे कुणी जात विचारत नाही म्हणून सुखावलेला. तो पुन्हा वाकला.

सुलतानाला बाहेरचं जग नको होतं. अरबस्तानातल्या त्या देशात रेडिओ नाही. मुलींना शाळा नाही. देशाबाहेर जायचं, त्याला विचारा. चष्मा लावायचा, त्याला विचारा. म्हणे परंपरा राखतोय. त्याच्या महालात माणसं गुलाम होती. तीही परंपराच.

बाबा मला घरी शिकवायचे. शेजारच्या कोळ्याची मुलगी झुवैना माझ्याजवळ येऊन बसायची. ती माझ्याआधी अक्षरं ओळखायला लागली.

वाली माझ्याकडे वळला. "तुझ्यासोबत अजून कोण वाचतं?"

बाबा जमिनीकडे बघत होते. मी नाव सांगितलं.

त्याच दिवशी झुवैनाच्या बापाला बेड्या घालून किल्ल्यात नेलं. आम्हाला पुढच्या जहाजाने हाकललं. निघताना ती दारात होती. मला बघितलं आणि आत गेली.

बाबा त्याबद्दल मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही. साठ वर्षं.

आता मी जर्मनीत, रेगेन्सबर्गला मुलाकडे असते. गेल्या महिन्यात सून म्हणाली, "अहो आई, तुमच्या लहानपणीच्या देशावर लायब्ररीत स्लाइड शो आहे. चला." नात मीराही आली. चौदा वर्षांची. तिला मराठी कळतं, उत्तर बहुतेकदा जर्मनमध्ये देते.

निवृत्त प्राध्यापक बोलत होते. पडद्यावर होड्या, बाजार. मग तो किल्ला. मीरा माझ्या कानाशी लागली. "आजी, तो म्हणतो, लोक त्सुफ्रीडन होते. खूश. राजाने त्यांना वाचवलं."

लोक माना डोलवत होते.

मी उठले.

"आई, बसा ना, सगळे बघतायत," सून कुजबुजली.

मी मराठीत बोलत गेले. मीरा माझ्या बाजूला उभी राहून जर्मनमध्ये सांगत गेली. त्या किल्ल्यात कोण होतं ते. का होतं ते. मधेच ती अडखळली. "नाव तू सांगितलंस? हे पण सांगू?"

"सांग."

प्राध्यापक हसले. "हो, हो. आइन्त्सेलफाल." म्हणजे एखाददुसरं प्रकरण. आणि त्यांनी पुढचं चित्र लावलं. उंट.

घरी मुलगा म्हणाला, "आई, कशाला उकरून काढतेस? तू लहान होतीस."

लहान होते. पण तोंड माझंच होतं. सुलतान तिथवर पोचला होता, माझ्या जिभेपर्यंत. आणि मी साठ वर्षं त्याचा हुकूम पाळत आले.

आता दर रविवारी मी सांगते, मीरा लिहिते. माझा भेकडपणाही, न गाळता. पुढच्या महिन्यात त्याच प्राध्यापकांचं कार्ल्सरूहेला व्याख्यान आहे. आम्ही दोघी जाणार आहोत. त्यांना चित्रं बदलू देत. माझं बोलणं संपल्याशिवाय मी खाली बसणार नाही.