बाळंतिणीची शेगडी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी कायम टर उडवत आलोय. डोलवीला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर इलेक्ट्रिशियन आहे. करंट कुठून आला ते शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. तरी हे लिहितोय...

पेण तालुक्यात, कासू स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचं घर. मागच्या डिसेंबरात धाकटी बहीण कविता सासरहून, म्हणजे अष्टमी गावाहून, बाळंतपणाला आली होती. सिझर झालेलं, कूस बदलायलाही आईचा हात लागायचा. एकाएकी थंडी पडली, तशी आई आतल्या खोलीत तिच्या बाजेखाली लोखंडी शेगडी ठेवायला लागली. शेक मिळावा म्हणून निखारे, वर ओव्याची धुरी. वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद.

पहिल्याच दिवशी शेगडी मागच्या पडवीत सापडली. निखारे तसेच फुललेले. आई माझ्यावरच उखडली.

"तूच ठेवलीस नं बाहेर? पोरीला हीव लागतंय, कळत नाय तुला?"

मी कशाला हात लावतोय! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी मी आईवर चिडलो. तुझं वय झालं, विसरतेस, असंही बोलून गेलो.

तिसऱ्या दिवशी नाइट शिफ्ट करून सकाळी घरी आलो. शेगडी स्वतः पेटत्या कोळशांनी गच्च भरली, बाजेखाली सरकवली आणि त्या खोलीच्या पडवीत उघडणाऱ्या मागच्या दाराला आतून कडी घातली. "आता बघू कशी जाते!" बाबा शेतावर गेले होते. आई आणि मी पुढच्या ओट्यावर उन्हात वालाच्या शेंगा सोलत बसलो.

...आतून आवाज आला. लादीवरून लोखंड घासत नेल्यासारखा. थांबला. मग ठक्— दारावर आदळल्याचा. पुन्हा ठक्.

मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. आम्ही दोघंही तर ओट्यावरच होतो!

आत धावलो. बाजेखाली शेगडी नव्हती. मागच्या बंद दाराला टेकून होती. मी घातलेल्या कडीमुळे पुढे जाता आलं नव्हतं तिला.

"कविता, ऊठ गो! ऊठ!" आई हलवत होती, पण ती डोळेच उघडेना. बाळाने मान टाकलेली. कसंबसं कविताला उचलून अंगणात आणलं, बाळाला आईने. ते रडेना... आई त्याचे तळवे चोळत होती, "रड रे बाबा, रड." शेवटी रडलं. मीही रडलो.

पेणच्या डॉक्टरांनी चांगलंच झापलं. बंद खोलीत कोळसा पेटवला की माणूस झोपेतच जातो, म्हणाले. कविता दुसऱ्या दिवशी बोलायला लागली, तिला काहीच आठवत नव्हतं.

मित्र म्हणतात, तिनेच ढकलली असणार. पण हाताला साधा चटका नव्हता. मी लादीचा उतारही तपासला. आहे, पण उलट्या बाजूला. अजून उत्तर सापडलेलं नाही.

बारशाला पंगत बसली, तेव्हा आईने मागच्या पडवीत एक पान जास्त मांडलं. "हे कोणाचं?" बाबांनी विचारलं.

"ज्याचं हाय तो जेवंल," आई म्हणाली.

पहिला भात त्या पानावर मीच वाढला.