नागपूरकरांना दाखवलेलं शेत

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोला माहीत आहे, पण तिच्याशीही त्यावर कधी बोलणं झालं नाही. तुम्हाला का सांगतोय? — कोण जाणे.

सेलूजवळ माझं शेत आहे. दर रविवारी पहाटे गाडीत भाजी टाकून मी नागपूरला जातो, एका मोठ्या सोसायटीच्या फाटकाशी विकतो. मध्ये ना दलाल ना अडत्या. गिऱ्हाईक थेट माझ्या तोंडाकडे बघून विचारतं, "भाऊ, फवारणी नाही ना?" — आणि पानाला एक भोक दिसलं की जुडी परत ठेवतं. भोकही नको आणि औषधही नको, हे जमायचं कसं? मी जमवलं. विकायच्या भाजीवर फवारायचं, आणि घरच्यासाठी विहिरीजवळ वेगळे वाफे ठेवायचे, बिनफवारणीचे. असे वाफे आमच्याकडे बरेच जण ठेवतात. पण बाकीची भाजी ते बिनविषारी म्हणून विकत नाहीत. मी विकत होतो.

पण खरं सांगायचं ते हे नाही — सांगतो.

एकदा त्या सोसायटीतली काही कुटुंबं शेत बघायला यायची ठरली. काकडीच्या वेलांवर माव्याची कीड पडली होती. पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून मी आदल्या संध्याकाळी काकडीवर औषध मारलं. सकाळी कोणीतरी विचारलं, वास कसला येतोय? "निंबोळीचा अर्क हाये, मॅडम," मी म्हणालो. सगळे खूश. फोटो काढायला लागले.

त्यांच्यात एक लहान मुलगी होती. तिने वेलावरची काकडी तोडली, फ्रॉकला पुसली आणि कचकन चावली. मंदा — माझी बायको — माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "अवो, त्या पोरीले थांबवा ना!" मी डोळे वटारले. ती मागे सरली.

पोरीला काही झालं नाही. पुढच्या रविवारी ती आईबरोबर भाजी घ्यायला आली. पण शेतात उभा होतो तेव्हा मला हे ठाऊक होतं का? नव्हतं. एवढंच कळत होतं, की आता तोंड उघडलं तर नागपूर हातचं गेलं.

काकडी संपली. तिची आई हसत म्हणाली, "काकांना आणखी एक माग." पोरीने माझ्यापुढे हात केला. सगळे बघत होते — आणि दुसरी काकडी मी स्वतः तोडून दिली. कोवळी बघून.