लेकीला पाण्यावरून आणलं तेव्हा

आमच्या सात पिढ्यांत कुणाला पोहता येत नाही. येणार कुठून? माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. पाणी म्हणजे टँकरनं आणलेलं, हंड्यात मावेल एवढं. लग्न होऊन सोलापुरात भवानी पेठेत आले, तर तिथला नळ आपल्या मर्जीचा मालक. आणि माझ्या एकुलत्या एका लेकीनं नवरा शोधला कुठला? उजनी धरणाच्या काठावरचा मासे धरणारा! कॉलेजात ओळख झाली म्हणे. मी महिनाभर तोंड फिरवून होते. "अगं, पाण्याचा काय भरवसा? रोज होडीतून ये-जा करशील आणि एक दिवस..." पुढचं माझ्या तोंडून निघायचं नाही. लग्नानंतर एकदा तिचा फोन आला, "आई, ह्यांनी मला पोहायला शिकवलं. आता तरी नीट झोप की." खरं सांगते, त्या दिवसापासून मला झोप लागायला लागली.

तिला सातवा संपत आला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, त्यात तिकडं दवाखाना जवळ नाही. सडकेनं आणायचं तर लांबचा वळसा आणि नुसते खड्डे. हादरे बसू देऊ नका म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. म्हणजे पाण्यावरूनच आणायचं. तिचे वडील असते तर त्यांना पुढं घातलं असतं, पण ते जाऊन बरीच वर्षं झाली. मी एकटीच जेऊरला रेल्वेतून उतरले, टमटमनं काठावर गेले आणि समोर बघितलं. पलीकडचा काठ धड दिसतही नव्हता.

जावई होडी घेऊन उभेच होते. होडीत केशरी जॅकेट एकच, ते त्यांनी मला घातलं. "मामी, मदी बसा. आन काय बी झालं तरी उटायचं न्हाय." इंजिन सुरू झालं तसे मी डोळे मिटले, ते पलीकडं जाऊनच उघडले. मधे एकदा हाताला पाणी लागलं, तर मी किंचाळले. जावई हसले नाहीत, हे त्यांचं मला आवडलं.

गाव म्हणजे पत्र्याच्या घरांच्या दोन रांगा, बाभळींवर वाळत घातलेली जाळी आणि सगळीकडं चिलापी माशांचा वास. लेक दारातच उभी होती, पोट एवढं पुढं आलेलं. मी तिच्या कानात सांगितलं, "लगेच निघू बाई. एकदाचं हे पाणी पार होऊ दे." पण विहीणबाई कुठल्या सोडतात! "जेवल्याबिगर? आसं कुटं आस्तंय व्हय? वटी बी भरायची हाय की." आधीच लग्नात मी नाक मुरडलेलं, आता त्यांच्या ताटाला कशी नाही म्हणू? जेवायला बसले. कालवण झकास झालं होतं, पण घास उतरेना. माझं सगळं लक्ष बाहेर बाभळीच्या शेंड्याकडं, वाऱ्यानं हलतोय का म्हणून. जावई सारखे आत येऊन त्यांच्या आईला म्हणत होते, "आये, उरका. दुपारचं वारं सुटतंय."

निघालो तेव्हा पाणी निवांत होतं. जावयांनी आभाळाकडं बघितलं. "आत्ता निगालो तर काठ गाटतोय," म्हणाले. मी जॅकेट लेकीपुढं धरलं. तिनं ते उलट माझ्याच गळ्यात अडकवलं. "माझ्या पोटावर बसतंय का ते? आणि मला पोहता येतं की. तू घाल." जावई काहीतरी बोलायला गेले. तिनं त्यांच्याकडं असं बघितलं की ते गप इंजिनाकडं वळले. असेल नवरा-बायकोचं काही, म्हणून मी सोडून दिलं.

मधोमध गेलो आणि वारं आलं. आधी पाण्यावर नुसता काटा उभा राहिला, मग लाटा होडीच्या कडेवर आपटायला लागल्या. पाणी आत यायला लागलं. तेवढ्यात इंजिनानं उचक्या दिल्या आणि ते बंद पडलं. माझी तर पाचावर धारण बसली. जावई इंजिनाची दोरी ओढताहेत, ओढताहेत, आणि होडी आडवी व्हायला लागलेली. देवाचं नाव घ्यावं तर तेही आठवेना, तोंडातून नुसतं "अगं आई गं, अगं आई गं." लेक मात्र शांत. एका हातात डबा घेऊन पाणी उपसत होती, दुसऱ्या हातानं तिनं माझं मनगट धरलेलं. "आई, पाण्याकडं नको, माझ्याकडं बघ. काही झालं तर मी धरते तुला. मला पोहता येतं."

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. मनात एकच घोकत होते, हिला येतंय, हिला येतंय. मी गेले तर गेले, ही पोटातल्याला घेऊन बाहेर निघेल. तेवढ्या एका गोष्टीवर मी तग धरला.

इंजिन एकदाचं लागलं. काठ आला. जावयांनी लेकीला उचलूनच खाली उतरवलं, तर ती तिथंच चिखलात मटकन बसली. दातावर दात आपटत होते. मी तिच्या पोटावर हात ठेवला. "काय होतंय गं? दुखतंय का?"

तिनं मान हलवली. माझ्या पदरात तोंड खुपसून म्हणाली, "मला पोहता येत नाही, आई."

"काय?"

"कुठलं येतंय! तू रात्र रात्र जागी बसायचीस. तुला झोप लागावी म्हणून सांगितलं होतं. मघाशी तू घाबरलेली, मी पण घाबरले असते तर कसं झालं असतं?"

जावई पाठ करून उभे होते. "म्या सांगत हुतो हिला, जॅकेट तू घाल म्हणून," एवढंच म्हणाले.

असा राग आला मला! तिच्या पाठीत एक धपाटा घालावा म्हणून हात उचललासुद्धा. पण ते केशरी जॅकेट माझ्याच अंगात होतं, पट्टे घट्ट आवळलेले. मी ते काढायला लागले, तर बोटंच चालेनात.