हात लावायला माणूस

ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत. तिचं काम मशीनच्या खोलीत. खिडकी नसलेल्या त्या खोलीत एकच जुना सर्व्हर होता आणि सगळं त्याच्याच गळ्यात: ईमेल, हिशोब, फायली, हजेरी. एकट्याने एवढा गाडा ओढायचा म्हटल्यावर तो अधूनमधून बसकण मारायचा. मग ताईने जाऊन तारा हलवायच्या, डिस्क बदलायची, त्याला पुन्हा उठवायचं.

घरी मोठा भाऊ. अपघातात डोक्याला मार लागल्यापासून दादाला फिट्स येत. लग्नाचं कुणी विचारलं की ताई म्हणे, "सासूबाई आहेत ना घरात, मिशीवाल्या." पण दिवसभर दादाकडे बघणाऱ्या शेजारच्या मावशी मुलाकडे राहायला गेल्या आणि ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याच सुमारास ऑफिसने लोकांना घरून काम करायची मुभा दिली. फक्त ताईला नाही. सर्व्हरला हात लावायला माणूस लागतं, असं साहेबांचं म्हणणं. एका संध्याकाळी ती घरी आली तर दादा न्हाणीघराच्या दारात पडलेला, ओठ फाटलेला.

तेव्हा तिनेच तोडगा काढला. जुन्या सर्व्हरऐवजी तयार पेट्या घ्यायच्या. ईमेलची वेगळी, फायलींची वेगळी. एकीने एकच काम करायचं. वरून सीलबंद. बिघाड झाला तर बनवणारी कंपनी दुरूनच बघणार, नाहीतर पेटीच बदलून देणार. साहेबांच्या मागे लागून लागून तिने त्यांना पटवलं. पेट्या ऑफिसात आल्या आणि ताई घरी आली.

ते दिवस बरे गेले. ती लॅपटॉपवर, समोर दादा मटार सोलत बसलेला. फिट आली तर डोकं आपटायच्या आत तिचा हात पोचायचा.

मग साहेबांचा फोन आला, ओशाळलेल्या आवाजात. पेट्यांचं सगळं कंपनीच बघते, तर ताई नेमकं करतात काय, असं वरून विचारत होते. महिन्याभरात तिची नोकरी गेली. धोंडा तिनेच उचलून आपल्या पायावर पाडून घेतला होता.

बऱ्याच वणवणीनंतर नोकरी मिळाली, ती दुसऱ्या ऑफिसात, पुन्हा अशाच एका जुन्या सर्व्हरपाशी, रोज जाऊन बसायची. दादाला सांगताना तिला रडू फुटलं.

"जा तू," दादा म्हणाला. "फक्त बाहेरून कुलूप लावू नकोस. कुणाला आत यायचं झालं तर येता आलं पाहिजे."

तिथेही एक दिवस मीटिंगमध्ये विषय निघालाच. अशा पेट्या घेतल्या तर लोकांना घरून काम करता येईल का, नव्या साहेबांनी विचारलं. हिशोब बघणारी मुलगी आशेने ताईकडे बघू लागली. तिचं बाळ अजून अंगावर पीत होतं.

"आपल्याकडे नाही चालायच्या," ताई म्हणाली.

विषय तिथेच मिटला. जेवणाच्या सुट्टीत ती मुलगी शेजारी येऊन बसली, डबा न उघडता. दुसरा काहीच मार्ग नाही का, तिने हळूच विचारलं. ताईने नकारार्थी मान हलवली. खोटं बोलताना आपला आवाज जरासुद्धा कापला नाही, याचंच तिला भय वाटलं.

जिन्यात जाऊन तिने दादाला फोन लावला. कुणी उचलेना. पुन्हा लावला. पुन्हा. घरी जायला ती जिना उतरू लागली तेव्हा कुठे त्याचा आवाज आला.

"डोळा लागला होता गं. का, काय झालं?"

पायरीवर बसून ती नुसती फोन कानाला धरून राहिली.