पाचवी चौकट रिकामी

तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्याने, आणि शक्य असल्यास उभे राहून ऐकावे अशा विनंतीसह, कळवण्यात येते की जगातल्या यच्चयावत मोठ्या शास्त्रज्ञांचा जन्म कर्जत तालुक्यातल्या मिरजगावात झालेला आहे. युरोप वगैरे सगळ्या अफवा. पुरावा हवा असेल तर नगरहून सोलापूरच्या एसटीत बसा, मिरजगावला उतरा आणि प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात जा. तिथे दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवलेल्या चित्रकथा दिसतील. त्यांत हवेला वजन असतं हे शोधणारा माणूस हुबेहूब बाजारातल्या मापाड्यासारखा आहे. डॉक्टरांनो, हात धुवा, असं ओरडून सांगणारा आणि त्यापायी वेडा ठरलेला तो बिचारा डॉक्टर म्हणजे स्टँडवरचा चहावाला. (चित्र लागल्यापासून त्याच्याकडचे ग्लास स्वच्छ असतात. माणसाला पदाची जबाबदारी कळते.) शास्त्राच्या इतिहासाची ही फेरमांडणी ज्यांनी एकट्याने केली, ते माझे साडू.

साडू मूळचे पेंटर. पंचक्रोशीतल्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. मग फ्लेक्स आला आणि ब्रश वाळत पडला. त्या रिकामपणात शाळेच्या बाईंनी त्यांना मुलांसाठी चार शास्त्रज्ञांची चित्रं काढून मागितली. बाईंनी गोष्ट मोबाईलवर वाचून दाखवायची आणि साडूंनी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर सहा चौकटी आखायच्या, असं ठरलं. अडचण एकच होती. डोळ्यांनी पाहिलेला नाही असा चेहरा साडूंच्या हातून उतरत नाही. बाईंनी फोटो दाखवला तर म्हणाले, "बाई, हा माणूस घाम आल्यावर कसा दिसतो, मला म्हाईत न्हाई. मी त्याला खोटं कसं काढू?" नावांचंही तेच. चित्राखाली नाव म्हणून लिहीत नाहीत. "नाव पुस्तकात हाय की. माझ्याकडं यायचं ते त्यानं काय उद्योग केला ते बघाया."

त्यामुळे ते माणसांकडे फार रोखून बघतात. लग्नात अक्षता टाकायच्या सोडून नवरदेवाच्या मामाची हनुवटी बघत उभे राहतात. माझ्याकडेही एका दिवाळीत पुरणपोळी खाता खाता असेच बघत होते. मी मनात म्हटलं, चला, निदान दुर्बीण तरी मिळेल. पुढच्या महिन्यात शाळेत गेलो तर आयुष्यभर शिशाचं सोनं करायला बसलेल्या आणि दाढी जाळून घेतलेल्या एका किमयागाराच्या रूपात मी भट्टी फुंकत होतो. तेव्हापासून मिरजगावात एसटीतून उतरलो की पोरं विचारतात, "काका, झालं का सोनं?" मी साडूंकडे तक्रार केली. ते शांतपणे म्हणाले, "साडू, त्याला सोनं घावलं न्हाई, पर चुकता चुकता त्यानं कितीक औषधं शोधली. मन लावून चुकणारा मानूस मला दुसरा कुठं मिळायचा?" ही स्तुती होती की काय, हे मला अजून उलगडलेलं नाही.

पण साडूंची खरी खोड वेगळीच. सहा चौकटींपैकी पहिल्या चारांत शास्त्रज्ञानं काय पाहिलं, काय करून बघितलं, कुठे फसला. सहावीत जग कसं बदललं, आणि तिच्यावर खाकी कागद चिकटवलेला. मधलं 'मग काय झालं' सांगणारी पाचवी मात्र कोरी! सोमवारी पान लागतं आणि पाचवी चौकट शनिवारी भरली जाते. मधले दिवस पोरांनी डोकं खाजवायचं, चिठ्ठ्या लिहून त्या चौकटीत डकवायच्या. शनिवारच्या आधी साडूंकडून उत्तर काढणं म्हणजे दगडाला घाम आणणं. मी एकदा भेळ, रसवंती आणि सासऱ्यांची शपथ असे तिन्ही मार्ग वापरून पाहिले. ढिम्म हलले नाहीत.

याचा सर्वांत मोठा बळी म्हणजे पेठेतले कापडवाले चाचा. भिंगातून कापडाचं सूत तपासणाऱ्या एका परदेशी कापडवाल्यानं त्याच भिंगाखाली पाण्याचा थेंब धरला, अशी गोष्ट होती, आणि तोंड चाचांचं होतं. चाचा तरातरा शाळेत आले. "पेंटर, त्या फिरंग्याला माझी दाढी कशापायी लावली?" साडू म्हणाले, "धंदा तुमचाच हाय त्याचा. वाचा तरी." चाचांनी वाचलं, पाचव्या चौकटीपाशी थबकले आणि निघून गेले. गुरुवारी परत आले. "थेंबात काय दिसलं ते सांगून टाक बाबा. गिऱ्हाईकावर ध्यान लागंना माझं." शनिवारपर्यंत त्यांनाही थांबावं लागलं. आता चाचांच्या गल्ल्याशेजारी भिंग टांगलेलं असतं, पोरं हौदाचं पाणी आणतात आणि चाचा एक डोळा मिटून सांगतात, "हाय, हाय, वळवळतंय." मी त्याच भिंगातून पाहिलं. मला काही दिसलं नाही. चाचांना रोज दिसतं.

सारं मिरजगाव असं नादावलं, एक माणूस सोडून. ती म्हणजे माझी मेहुणी, साडूंची बायको. सातवी पास, दोन गायी, आणि शाळेच्या चहाचं दूध रोज तीच घालते. पण चित्रांचा विषय निघाला की म्हणायची, "दाजी, मेलेल्या गोऱ्यांच्या भानगडी त्या. माझ्या गायींला त्यांनी वैरन घातली व्हय?" साडू हसून सोडून देत. फक्त एकदा, ओट्यावर ब्रश धुता धुता, खाली बघत मला म्हणाले, "लई न्हाई साडू. एकदा तिनं आपून होऊन इचारलं पायजे, पुढं काय झालं म्हनून." मी विषय बदलला. त्यांच्या ब्रशमधला रंग केव्हाच गेला होता, तरी ते धूतच होते.

एका हिवाळ्यात त्यांनी देवीच्या लशीची गोष्ट लावली. गायींचं दूध काढणाऱ्या बायकांच्या हाताला गायीपासून फोड येतात, पण त्यांना देवी येत नाही, हे एका खेड्यातल्या डॉक्टरनं हेरलं. चौथ्या चौकटीत तो अशा एका गवळणीच्या हातावरचा पू घेऊन माळ्याच्या आठ वर्षांच्या पोराच्या दंडाला टोचतो, आणि मग मुद्दाम खऱ्या देवीचा पू टोचतो. पाचवी कोरी. गवळणीला तोंड मेहुणीचं होतं. तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्यांनी तिला काढलं होतं. ती सोमवारी दूध घालून गेली, मंगळवारी गेली, बुधवारी गेली. साडूंनी मान्य केलं की तिनं पाहिलंच नाही.

गुरुवारी शाळेत तपासणीचे साहेब आले. मी पाव्हणा म्हणून साडूंबरोबर व्हरांड्यात होतो. साहेब शिस्तीचे होते, दुष्ट नव्हते. पण मापाडी, चहावाला आणि मी अशी शास्त्रज्ञांची रांग पाहून त्यांचा चेहरा लांबला. "ही दिशाभूल आहे. आणि ही चौकट? अपूर्ण काम भिंतीवर? सगळं आजच उतरवा, छापील तक्ते येतील." बाई काकुळतीला आल्या. साडूंनी स्टूल ओढलं. स्टुलावर चढले आणि स्वतःच्या हातानं पहिला चिमटा काढला.

पुढचं आधीच सांगून टाकतो. ती चित्रं आजही तिथेच आहेत. छापील तक्ते कपाटात आहेत. आणि त्या शनिवारी साहेब मोटारसायकलवरून, त्यांच्या कचेरीला सुट्टी असून, "सहज इकडून चाललो होतो" म्हणत आले आणि पाचवी चौकट भरेपर्यंत चाचांशेजारी उभे राहिले. साडू आता थोडे थकलेत. चष्म्याचा नंबर वाढलाय, रेघ कधी कधी थरथरते. पण त्या गुरुवारची आठवण काढली की ते ब्रश खाली ठेवतात आणि नुसते हसत बसतात. कारण त्यांचा हात दुसऱ्या चिमट्याकडे गेला तेवढ्यात दाराशी दुधाची किटली दाणकन खाली आदळली, आणि साहेबांसमोर, बाईंसमोर, सगळ्या शाळेसमोर माझी मेहुणी ओरडली, "अवो, उतरवताय काय! माझ्या हाताचा पू टोचलाय त्या पोराला. चार दिस डोळ्याला डोळा न्हाई माझ्या. आधी सांगा, ते लेकरू जगलं का न्हाई?"